शाळेच्या गच्चीवर कोणी आलं नाही

अन्वरचं पेणच्या बाजारात टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. लोक वस्तू टाकून जातात आणि दुरुस्त झाली तरी न्यायला येत नाहीत. किस्स्यांचंही तसंच होतं. रविवारी सकाळी तिथे बसणारे आम्ही तिघे: कचेरीतून निवृत्त झालेला कारकून मी, गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखणारा मोरेश्वर आणि रोह्याहून एसटीने येणारा जनार्दन. जनार्दन तिथल्याच धाटावच्या कंपनीत कामाला होता. निम्मे किस्से त्याचेच आहेत. उरलेले निम्मे तो गप्प बसून ऐकतो.

*

तरुणपणी कंपनीने त्याला ट्रेनिंगला जपानला धाडलं. बरोबरच्यांनी कॅमेरे आणले, बायकांना साड्या आणल्या. हा व्हिडिओ गेम आणि तो टीव्हीला जोडायचं मशीन घेऊन आला!

डबीवरच्या कागदावर गणवेशातली मुलगी. खेळ असा की तुम्ही शाळेतला मुलगा. अभ्यास करायचा आणि वर्गातल्या त्या मुलीशी नीट बोलायचं. नीट बोललात तर शाळेच्या शेवटच्या दिवशी ती गच्चीवर येते आणि मनातलं सांगते. नाहीतर घंटा होते आणि गच्चीवर तुम्ही एकटेच.

त्याची बायको सुलभा डबी उलटसुलट करून म्हणाली, "एवढे लांब गेलात आणि आणलंत काय, तर परत शाळा!"

*

खेळ सगळा जपानीत. जनार्दनचं जपानी कंपनीतल्या यंत्रांवरच्या पाट्यांपुरतं: धोका, थांबा, हात लावू नये. प्रेमातही हे उपयोगी पडतं, पण त्यावर खेळ पुढे सरकत नाही.

मुलीने काही विचारलं की पडद्यावर तीन उत्तरं येत. सुलभा शेजारी वाल सोलत बसायची आणि ओळींच्या लांबीवरून निवाडा द्यायची. "आखूड ओळ घ्या. जास्ती बोलणारा बाप्या कुणाला आवडतो?"

मुलगी कधीच आली नाही. दरवेळी गच्ची, घंटा आणि जनार्दन. दरवेळी सुलभा म्हणायची, "मी आले ना! आता आणि किती जणी पाह्यजेत?"

पण टीव्ही बंद करताना तीच हळूच म्हणायची, "एकदा तरी आली पाह्यजे हो ती. काय सांगते ते ऐकायचं हाय मला."

पोरगा मोठा झाला, नोकरीला लागला, तरी नवरा-बायकोचा हा उद्योग चालूच होता. मग सुलभा गेली. डबी कपाटावर गेली.

*

यंदा पोराने ठरवलं, बाबांना पनवेलला न्यायचं. रोह्याचं घर रिकामं करायला घेतलं. जुन्या गेमना परदेशात मोठी किंमत येते, असं पोरानेच फोनवर शोधून काढलं आणि पुण्याच्या एका संग्राहकाशी गाठ घालून दिली.

संग्राहकाने फोनवर पंचनामाच केला. डबीच्या कडेची कागदी पट्टी आहे का? होती. सुलभाने पोथीत खूण म्हणून घातली होती. कोपऱ्यावर पिवळं काय आहे? हळद. "अरेरे!" पलीकडून आवाज आला. वापरलेला आहे का? "रोज," जनार्दन म्हणाला. पुन्हा "अरेरे!"

मी जन्मभर सरकारी खुर्च्यांचा घसारा काढला. आमच्याकडे वस्तू वर्षागणिक स्वस्त होते आणि शेवटी तिचं निर्लेखन होतं, म्हणजे वहीतून नावच कटतं. इथे जितकी जुनी तितकी महाग, आणि कधीच न वापरलेली सर्वांत महाग. मी जनार्दनला म्हटलं, "या हिशेबाने आमच्या कचेरीतले काही साहेब लाखमोलाचे होते रे!"

*

हळदीचा डाग तेवढा काढायला कागद मोरेश्वरकडे दिला. गणपतीची घाई, कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही. तरी मित्राचं काम म्हणून त्याने वेळ काढला.

कागद परत आला. डाग जागच्या जागी, पण मुलीचे डोळे नवेकोरे! "डाग नाय निघाला," मोरेश्वर म्हणाला. "पण डोळे पार फिके पडलेले, ते आखून टाकले."

फोटो पाहून संग्राहकाने फोन ठेवला. त्याचा फोन पुन्हा काही आला नाही.

"मोरूकाका, किंमत शून्य केलीत तुम्ही!" अन्वरने कपाळावर हात मारला.

मोरेश्वरला खरंच कळेना. "डोळे आखले की किंमत वाढते रे! बिनडोळ्यांची मूर्ती कोण घरी नेतो?"

जनार्दनने कागद हातात घेऊन उजेडाकडे धरला. मग म्हणाला, "आता बघते रे ही माझ्याकडे."

*

विकायचं संपलं, तेव्हा खेळायचं ठरलं. पोराच्या नव्या टीव्हीला या मशीनची वायर लागत नाही, आणि तिथून पोरगा बापाला एकट्याला एसटीने सोडणार नाही. म्हणजे ती मुलगी यायची असेल तर पनवेलला जाण्याआधी, अन्वरच्या जुन्या टीव्हीवरच. मशीनही थकलेलं. सरळ ठेवलं की बंद पडतं, पालथं घातलं की चालतं. "उताणं झोपवलं की दम लागतो त्याला," अन्वरचं निदान.

त्याने पडद्यासमोर मोबाइल धरला. हल्ली मोबाइल जपानी वाचून मराठीत सांगतो. तेव्हा सुलभाने निवडलेल्या आखूड ओळींचा अर्थ इतक्या वर्षांनी कळला: "माहीत नाही." "बघू." "नंतर ये."

"अरे जना," मी म्हटलं, "तू त्या पोरीला सरकारी उत्तरं देत होतास!"

जनार्दन इतका हसला की डोळे पुसावे लागले.

*

मग काही रविवार मोबाइलला विचारून बरोबर उत्तरं देत गेलो. मुलगी हसायला लागली. जनार्दनला पनवेलला जायच्या आधीचा रविवार आला आणि खेळातही शाळेचा शेवटचा दिवस आला.

गच्ची. संध्याकाळचा रंग. मोरेश्वर बोटांना रंग लागलेला तसाच धावत आला होता. अन्वरने गिऱ्हाइकाला हातानेच थांबवलं. घंटा झाली नाही. त्याऐवजी जिन्यावर पावलं वाजली. जवळ आली. गच्चीचं दार किलकिलं झालं.

जनार्दनने हात पुढे केला, मशीन उचललं आणि सरळ ठेवलं.

चित्र तिथेच थिजलं. आवाज गेला.

"काका!" अन्वर ओरडला. "येत होती ती!"

"व्हय," जनार्दन वायर गुंडाळत म्हणाला. "आता आणि किती जणी पाह्यजेत?"