अकरा खोल्यांची मागणी

ऑफिसात सगळे त्याला तारवाला म्हणत. खरं तर गेल्या दहा वर्षांत त्याने तारेला क्वचितच हात लावला असेल. कॉलेजचं नेटवर्क तो खुर्चीत बसूनच सांभाळायचा. पण एकदा नाव पडलं की पडलं.

बायको जाऊन चार महिने झाले होते. ती परगावच्या कॉलेजात शिकवायची. आज तिथे तिच्या आठवणीसाठी सभा होती आणि लेक बोलणार होती. "बाबा, तुम्ही याच," असं तिने दोनदा बजावलं होतं. याने सांगितलं, नेटवर्कपाशी कुणीतरी हवं. कुणीही बसलं असतं. चार महिन्यांत याच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. लोक म्हणत, खंबीर आहे हो. खंबीर कसला, नुसता बधिर झाला होता.

सासूबाई मात्र हट्टाला पेटल्या होत्या. वय ब्याऐंशी, गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलेला, प्रवासाचं नाव नको. "माझ्या नातीला बोलताना मला बघायचंय," एवढंच धरून बसल्या. म्हणून त्यांना इथल्या सभागृहात, पडद्यासमोर पहिल्याच रांगेत बसवलं होतं. आणखी दहा वर्गांतही पडदे लावले होते.

दोन्ही कॉलेजांची नेटवर्कं वेगळी, कारभार वेगळा. तिकडून भाषणाची एकच प्रत निघणार आणि इकडे आल्यावर जितक्या खोल्या मागतील तितक्यांना ती वाटली जाणार. अट एकच, आधी मागायचं. खोली राउटरला सांगते, मला हे हवंय. राउटर ती मागणी, भाषण जिथून निघतं तिकडे जाणाऱ्या रस्त्याने पुढे धाडतो. मागणी पोचलीच नाही तर काही येत नाही, आणि काय चुकलं हे सांगायलाही कुणी येत नाही.

अकराला भाषण सुरू झालं. इकडे पडदे काळेच.

"साहेब, आजी विचारतायत, कधी दिसणार?" सभागृहातून शिपायाचा फोन आला.

तारवाल्याने तिकडच्या नेटवर्कवाल्या मॅडमना फोन लावला.

"आमच्याकडून निघतंय हो," मॅडम म्हणाल्या. "तुमची मागणीच आलेली नाही."

"लाइन तर चालू आहे. मेल जातायत, सगळं जातंय."

"कुठल्या लाइनने?"

त्याने लाइन बदलतानाची कामांची यादी उघडली. बायको गेल्यावर तिसऱ्याच दिवशी तो कामावर आला होता आणि दोन्ही कॉलेजांमधली सगळी ये-जा त्याने जुन्या लाइनवरून नव्या लाइनवर वळवली होती. अशा मागण्यांची सोय नव्या लाइनवर चालू करणं हे यादीतलं शेवटचं काम. त्यापुढे बरोबरची खूण त्याच्याच हातची होती, काम मात्र केलेलं नव्हतं. रोजच्या कामाला ते लागत नाही, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. अकरा खोल्यांच्या मागण्या नव्या लाइनवर जाऊन वाया जात होत्या.

"जुनी लाइन अजून जोडलेली आहे?" त्याने विचारलं.

"आहे. पुढच्या महिन्यात काढणार आहोत."

त्याने राउटरला एका ओळीत सांगितलं, या भाषणापुरता रस्ता जुन्या लाइनचा धर. अकरा वाजून चौदा मिनिटांनी त्याच्या कॉम्प्युटरवर खोल्यांना जाणाऱ्या प्रतींचे आकडे हलायला लागले.

"आली, साहेब, आली! आजी रडतायत," शिपाई ओरडला.

"बरं," तो म्हणाला आणि शेवटपर्यंत आकडे बघत बसला. अकरा खोल्या, अकरा प्रती.

दुपारी लेकीचा फोन आला. "आजीला शेवटची सहा मिनिटं दिसली म्हणे. शेवटी मी तुमच्याबद्दलच बोलले. ऐकलंत ना?"

त्याच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून त्याने ते मागितलंच नव्हतं.

"नाही गं. सगळीकडे पोचतंय का, तेच बघत होतो."

फोनवर तिने कागद उलगडल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "कागद आहे माझ्यापाशी. आता वाचू?"

नको म्हणायला काहीतरी काम आठवावं, म्हणून तो शोधत राहिला. एकही आठवलं नाही.

"मला काही वाटेल की नाही, माहीत नाही," तो म्हणाला. "पण वाच."