सांगणार अमुक, बोलणार भोंगेकाका

भोंगेकाका माईक तोंडाशी धरायचे आणि सगळ्यांत आधी दुसऱ्याचं नाव घ्यायचे. "सांगणार, नगर परिषदेचे मुख्याधिकारी. बोलणार, मी. उद्या नळ येणार नाही." नाव आधी, बातमी मागून. आमच्या दारव्ह्यात नळ आला नाही की बायका मुख्याधिकाऱ्याच्या नावानं बोटं मोडायच्या. भोंगेकाकांना कुणी शब्दानंही दुखवत नसे. एकदा मंदिरातून एका शेठजींच्या नव्या चपला गेल्या. काकांनी बाजारभर पुकारा केला: "सांगणार, शेठजी. बोलणार, मी. शेठजीच्या चपला गेल्या. माह्या पायात माह्याच आहेत, पाहून घ्या." बाजार हसला, शेठजीही हसले. चपला मात्र मिळाल्या नाहीत.

त्यांची सायकलरिक्षा होती. पुढे एक भोंगा, मागे एक, आणि सीटखाली बॅटरी. सरकारी दवाखान्यासमोरून जाताना ते माईक बंद करून खाली उतरायचे आणि रिक्षा हातानं ढकलत न्यायचे. पायडलची साखळी वाजते म्हणून. कुणी चिठ्ठी लिहून आणली तर घेत नसत. "कागदाले मी काय इचारू? तू समोर उभा राह्य, तुले इचारतो." मग ते दोन-चार प्रश्न विचारायचे, माणसाच्या तोंडाकडे पाहायचे आणि मगच निघायचे.

नाव आधी घेण्यामागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचे वडील गावकीत डफडं वाजवून दवंडी द्यायचे. हुकूम पाटलाचा असो की तहसीलदाराचा, लोकांच्या शिव्या पडायच्या त्यांच्या वडिलांवर. वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी वडिलांनी ते डफडं नाल्यात टाकलं. "बापानं डफडं सोडलं, आवाज नाही सोडला," काका म्हणाले. "मी माईक घेतला तवा मले येवढंच बोलला, ज्याचा हुकूम त्याचं नाव. नाहीतं पुन्हा तेच डफडं."

मी कॉलेजात असताना त्यांच्या रिक्षात बसून गावोगाव फिरलो आहे. आमचं घर बागायती, माळ्यावर कापूस रचलेला, आणि मला भाषणं करायची हौस. "बापू, आधी श्वास घे, मंग नाव घे, मंग बोल," असं ते शिकवायचे. पुढे मी जी काही भाषणं केली आणि त्यांच्या जोरावर जे काही झालो, ते या एका वाक्यावर. शिक्षण संपल्यावर मी आमच्या आमदारांच्या कार्यालयात बसू लागलो. काका जाता-येता खिडकीतून ओरडायचे, "काय गा बापू, आज सरकार काय करून राह्यलं?"

कापसाच्या त्या वाईट वर्षांतल्या एका मार्चात सरकारनं बजेट मांडलं. आमच्या आमदारसाहेबांनी निवडणुकीत गावोगाव कापसाच्या हमीभावावर बोनस देण्याची शपथ घेतली होती, आणि त्या भरवशावर लोकांनी कापूस घरात धरून ठेवला होता. बजेटात बोनसचं नाव नव्हतं. वर विजेचे दर वाढले. हॉटेलातल्या रेडिओभोवती माणसं उभी होती. एकानं विचारलं, "काय आलं बाप्पा आपल्या वाट्याले?" दुसरा म्हणाला, "सायेबाचा फोटो. तो आधीच भेटला होता." संध्याकाळी बसस्टँडवर साहेबांचा पुतळा जाळला. कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या काड्या बांधून केलेला होता, भक्कन पेटला. रविवारी चक्काजाम करायचं ठरलं. साहेबांना मंत्रिपदाची आशा होती आणि त्यांच्याच तालुक्यात रस्ता बंद होणं त्यांना परवडणारं नव्हतं.

शनिवारी मुंबईहून त्यांच्या माणसाचा फोन आला. तो म्हणाला, "रविवार कसाही निभावून ने. काहीतरी पुकारा कर, मागून पाहू." आणि हसला. त्या हसण्याचा अर्थ मला कळला होता. खरंच काही होईल असं मला वाटलं होतं, अर्थ नीट कळला नव्हता, अशी वाक्यं मी इतकी वर्षं स्वतःला ऐकवली. कळला होता.

मी काकांना गाठलं. "काका, एवढंच बोलायचं आहे. घरातला कापूस व्यापाऱ्याला देऊ नका, सोमवारी सरकारी खरेदी केंद्रावर आणा, बोनससकट घेतला जाईल."

"बजेटात तं नवता ना बोनस?"

"सुधारणा होऊन राह्यली."

"बेस झालं. सांगणार कोन?"

"या टाइमाले नाव नको. साहेबांचं नाव ऐकलं तर लोक भोंगा फोडतील."

काका माईकची वायर बोटाला गुंडाळत राहिले. "मंग तुह्यं घेऊ?"

"माझंही नको. मी त्यांच्याच हापिसात बसतो ना."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, जसं ते सगळ्यांच्या तोंडाकडे पाहायचे. "खरं आहे ना, बापू?"

"खरं आहे, काका."

"तू म्हनतं तं खरंच असंन," असं म्हणून ते रिक्षावर चढले. त्या दिवशी दारव्ह्यानं आणि आजूबाजूच्या गावांनी पहिल्यांदा त्यांचा बिननावाचा पुकारा ऐकला. लोकांनी त्याचा एकच अर्थ काढला: इतकी पक्की बातमी आहे की काका स्वतःच्या जबाबदारीवर सांगताहेत. मी त्यांच्या हातात पुन्हा डफडं दिलं होतं.

अजून एक सांगायचं राहिलं. आमचा स्वतःचा कापूस त्याच शनिवारी सकाळी, मी काकांना गाठण्याआधीच, व्यापाऱ्याच्या ट्रकात चढला होता. वडिलांना तसं मीच सांगितलं होतं.

रविवारी चौकात चक्काजामला मूठभर माणसं आली. सोमवारी केंद्रासमोर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रस्त्यापर्यंत लागले. कापसाची प्रत ठरवणारा केंद्रावरचा ग्रेडर म्हणाला, असा काही आदेश नाही. लोक मंगळवारीही थांबले. गाड्या भाड्याच्या होत्या, कापूस परत घरी नेणं परवडत नव्हतं. व्यापाऱ्यांनी हे पाहून भाव पाडला आणि त्या पडत्या भावात कापूस गेला. तेवढ्यात काका तिथे आले. ते पळून गेले नाहीत, स्वतःहून आले.

"ओ भोंगेवाले, कोनं सांगतलं होतं तुले?"

त्यांची नजर माणसांवरून फिरत वजनकाट्याजवळ उभ्या असलेल्या माझ्यावर आली. क्षणभर थांबली आणि पुढे गेली.

"बोलनार मी होतो," ते म्हणाले.

"सांगणार कोन होता?"

"बोलनार मी होतो."

कुणीतरी पुढचा भोंगा उपटून खाली आपटला. कुणीतरी त्यांच्या बापाच्या डफड्यावरून बोललं. तेही मी ऐकलं. मी काट्यावरचे आकडे वाचत राहिलो, आणि बोलायला मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो.

काकांना कुणी मारलं नाही. पण रिक्षा दिसली की पोरं ओरडू लागली, "सोमवार आला रे!" ते पाणी येणार नाही म्हणाले की बायका हंडे घेऊन नळावर जायच्या, मुद्दाम. हळूहळू कामं बंद झाली. त्यांनी रिक्षा विकली आणि आठवडी बाजारात टॉर्च-रेडिओ दुरुस्त करायला बसू लागले.

पुढच्या निवडणुकीत साहेब सपाटून पडले. बजेटनं पाडलं, असं सगळे म्हणाले. मी मतमोजणीआधीच हार घालून दुसऱ्या पक्षात गेलो होतो. पुढे नगरसेवक झालो. माझ्या प्रचाराची ऑटो यवतमाळहून आणली. तिच्यात कॅसेट वाजायची.

खूप वर्षांनी बाजारात मी काकांसमोर जाऊन बसलो. "काका, त्या शनिवारी..." एवढंच म्हणालो.

"राहू दे. चहा घेशीन?" त्यांनी चहा मागवला. हातातल्या टॉर्चचं झाकण फिरवत, वर न पाहता म्हणाले, "एक सांग मले, बापू. तुमचा कापूस कवा गेलता?"

"आठवत नाही, काका."

त्यांनी टॉर्च लावून पाहिली. लागली. "बेस," म्हणाले, आणि पुढचं गिऱ्हाईक घेतलं. त्यानंतर मी बाजारात त्या बाजूनं जाणं सोडलं.

ते वारले त्या सकाळी त्यांची मुलगी सुनंदा माझ्याकडे आली. ती शाळेत मास्तरीण आहे. "बाबाची बातमी गाडीवर सांगायची आहे. सांगणार म्हणून तुमचं नाव घेऊ का? बाबा तुम्हाले आपला मानत होता."

तिला काय माहीत होतं, काय नव्हतं, मला ठाऊक नाही. माझ्या डोळ्यांसमोर गाव आलं. सांगणार बापू, आणि मग कुणालातरी तो सोमवार आठवला तर? वॉर्डात पुन्हा निवडणूक होती. मी म्हणालो, "समस्त गावकरी म्हण. शोभून दिसेल."

"बाबाले हे चालत नवतं," ती म्हणाली आणि गेली.

दुपारी ऑटो आमच्या गल्लीत आली. आवाज पुरुषाचा नव्हता. "सांगणार, सुनंदा, त्यांची मुलगी. बोलणार, मीच." माझ्या दारासमोर ऑटो थांबली नाही, वेगही कमी झाला नाही. मी दाराच्या आत उभा होतो.

काकांच्या शिकवणीप्रमाणे हा मजकूर उलटा झाला आहे. जे पहिल्या ओळीत यायला हवं होतं, ते मी शेवटावर आणलं. त्या शनिवारी बोलणार भोंगेकाका होते. सांगणार मी होतो.