एकशेचौदा कुठं बसते

नेब्रास्कातल्या लुझेक गावात आर्लिस वोंद्राला लोक नावापेक्षा नंबरानं जास्त ओळखायचे. मक्याच्या बियाण्याच्या कंपनीत फोन लावायचा, एकशेचौदा दाबायचं, की पलीकडं आर्लिस. अडतीस वर्षं तेच एक्स्टेन्शन. पेरणीच्या दिवसांत शेतकरी तिच्या कानात ओरडायचे, आणि कुणाच्या कुठल्या तुकड्यात काय पेरलं होतं हे ती कागद न बघता सांगायची.

"लुमीर, ओढ्याकाठी हे वाण लावू नकोस. मागं सगळं आडवं झालं होतं, विसरलास?"

"विसरलोय म्हणूनच तर तुला फोन करतो, बाई!"

मग नवा मॅनेजर आला. दुसऱ्या मजल्यावरची तिची खिडकीजवळची जागा त्यानं ब्रोडी नावाच्या नव्या विक्रीवाल्याला दिली आणि आर्लिसला गावाबाहेर दोन मैलांवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुने कागद लावायला पाठवलं. कंटाळून तिनं आपणहून नोकरी सोडावी, हा बेत सगळ्यांना कळत होता. आर्लिसला तर सगळ्यांच्या आधी कळला. निवृत्तीला अजून दोन वर्षं होती, आणि एकसष्टाव्या वर्षी लुझेकमध्ये तिला दुसरं काम कोण देणार होतं? निघताना तिनं टेबलावरचा फोन उपटला, खोक्यात घातला, वर जिरॅनियमची कुंडी ठेवली आणि शेडमध्ये नेऊन भिंतीतल्या खाचेत वायर खुपसली. नंबर फोनाबरोबरच जायचा; फोनवर हिरवा दिवा लागला. एकशेचौदा जिवंत!

फोनची व्यवस्था बघणारा ड्वेन तिला बजावून गेला होता, "फोन हलवला की फॉर्म भरायचा हं. कुठला फोन कुठं आहे, ते लिहून ठेवावं लागतं. नऊ-एक-एक लावलं, तर त्यांना तोच पत्ता दिसतो."

"भरते रे."

फॉर्म खणात गेला. शेडमधले नंबर सहानं सुरू होतात, फॉर्म भरला की एकशेचौदा गेला, हे तिला ठाऊक होतं. शिवाय दुसरं एक होतं, ते ती कुणाला बोलली नसती. कागदावर तरी ती अजून खिडकीपाशी बसलेली होती.

मंगळवारी दुपारी ती जुन्या ऑर्डरींचं खोकं काढायला गेली. वरच्या फळीवर कुणीतरी परत आलेल्या बियाण्याची पोती रचून ठेवली होती. तिनं खोकं ओढलं, आणि अख्खी मांडणीच कलंडली.

शुद्धीवर आली तेव्हा ती पालथी पडली होती. डावा पाय लोखंडी खांबाखाली, पाठीवर दोन पोती. श्वास अर्ध्यावरच अडत होता. मोबाईल बाहेर गाडीत. शेडमध्ये शुक्रवारपर्यंत कुणी फिरकणार नव्हतं, आणि घरी वाट बघायला फक्त कुत्रं.

टेबलाचा पाय हाताशी होता. फोनची वायर खाली लोंबत होती. तिनं ती ओढली. फोन धाडकन खाली आला, तिच्या तोंडापुढंच. तिनं स्पीकरचं बटण दाबलं; बाहेरच्या लाइनसाठी आधी नऊ, मग नऊ-एक-एक.

"इमर्जन्सी. काय झालंय?" पलीकडचा माणूस शांत होता.

"अंगावर पोती पडलीत. पाय अडकलाय. श्वास घेता येत नाही."

"माणसं पाठवतो. मेन स्ट्रीट, दुसरा मजला, खिडकीजवळचं टेबल. बरोबर?"

खणातला फॉर्म तिला आठवला.

"नाही! तिथं नाही मी. ह्रुस्काच्या जागेवर आहे. शाळेच्या पुढं."

"कुठली शाळा, बाई?"

शाळा पाडून वीस वर्षं झाली होती. ही शेड ज्याची होती तो ह्रुस्का तर त्याच्याही आधी गेला. लुझेकमध्ये कुणालाही विचारा, ह्रुस्काची जागा म्हणजे काय ते सांगेल. पण इमर्जन्सीचे फोन उचलणारी माणसं आता लुझेकमध्ये बसत नव्हती. तीन वर्षांपूर्वी ते सगळं ऐंशी मैलांवर गेलं होतं.

"रस्त्याचा नंबर सांगा."

"माहीत नाही. इथं टपाल येत नाही हो..."

वरचं एक पोतं घसरलं. फोन उडाला, दोन हात लांब जाऊन आपटला, आणि लाइन तुटून माणसाचा आवाजही गेला.

तिनं हात लांब केला. बोटं वीतभर कमी पडली. तो माणूस परत फोन करील? करील, पण त्याला दिसतोय तो कंपनीचा मुख्य नंबर. तिथं टेप लागेल, बियाण्यासाठी एक दाबा.

थोड्या वेळानं गावातला भोंगा वाजला. सपाट मुलूख, आवाज अडवायला मधे काही नाही. गाडी निघाली, मेन स्ट्रीटच्या बाजूला गेली आणि थांबली. आता जिना चढत असतील. खिडकीपाशी ब्रोडी सँडविच खात बसला असेल.

"मूर्ख," ती स्वतःलाच म्हणाली. "एका नंबरापायी."

पायाची जाणीव गेली होती. पाठीवरचं ओझं प्रत्येक श्वासाला थोडं जड होत होतं. वर पत्र्यावर कबुतरं घुमत होती.

तेवढ्यात फोन वाजला. दोन हातांवर, हिरवा दिवा उघडझाप करत. वाजून वाजून थांबला. परत वाजला. ती नुसती बघत राहिली.

मग गाडी आली. दार खडखडलं, आणि आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांचं जाड जाकीट घातलेला ओढ्याकाठचा लुमीर ह्लावा आत धावला.

"आर्लिस! अगं, आहेस का मेलीस?"

"आधी पोती काढ, मग चौकशा कर!"

पोती उचलता उचलता त्यानं सांगितलं. त्यांना पत्ता मेन स्ट्रीटचाच मिळाला होता; खिडकीपाशी पोचले, तर ब्रोडी धडधाकट. ऑफिसातल्या फोनच्या पडद्यावर एकशेचौदावरून नऊ-एक-एक लागल्याचं दिसत होतं, म्हणून लुमीरनं तिथूनच एकशेचौदा लावला. पलीकडं बेल जात होती, पण अख्ख्या मजल्यावर फोन वाजेना.

"मागच्या आठवड्यात तुला फोन केला, तर मागं कबुतरं घुमत होती. म्हटलं, ऑफिसात कबुतरं कुठली? तू म्हणालीस, रेडिओ आहे. आज कळलं, ती ह्रुस्काच्या पत्र्यावरची कबुतरं."



पाय दोन ठिकाणी मोडला होता. चौथ्या दिवशी ड्वेन दवाखान्यात आला, कोलाचेंचा, म्हणजे जाम भरलेल्या गोड पावांचा, डबा आणि एक कोरा फॉर्म घेऊन.

"नंबर तोच राहील," तो म्हणाला. "त्यासाठी मी मॅनेजरशी भांडलोय. पण जागा खरी लिहायची."

तिनं ह्रुस्काची शेड असं लिहायला घेतलं.

"ह्रुस्का नको गं बाई. रस्त्याचा नंबर. चारशे एकतीस."

तिनं ह्रुस्कावर काट मारली.  मग चारशे एकतीस लिहिलं, खाली सही केली आणि कागद त्याच्याकडं सरकवला.

"ब्रोडीला सांग," ती म्हणाली, "तीन वाजता ऊन थेट टेबलावर येतं. पडदा डावीकडून ओढायचा, उजवीकडून ओढला की अडकतो."