तापलेल्या टेपचा सहगुणक

बी.एस्सी. झाल्यावर पहिली नोकरी मिळाली ती बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या एका रस्त्याच्या मोजणीवर. साठच्या दशकातली मधली वर्षं होती. नोकरी तीन महिन्यांच्या बोलीवर होती. काम पटलं तर पुढे ठेवणार, नाहीतर घरी. आमच्या घरात माझ्याआधी कोणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं, त्यामुळे परत जाण्याचा विचार मी मनात येऊ देत नव्हतो.

दगडापासून दगडापर्यंत तीस मीटरच्या पोलादी टेपनं मोजायचं आणि तापमानाची दुरुस्ती करून अंतर वहीत लिहायचं, हे माझं काम. पोलाद उन्हात लांबतं. लांबलेल्या टेपनं अंतर कमी भरतं, म्हणून हिशेबानं भर घालायची. किती, ते सहगुणक सांगतो: दशांशचिन्हानंतर चार शून्यं आणि मग ११५. मीटरमागे, अंशामागे इतकं.

सहगुणक म्हणजे काय, हे मला पालघरच्या शाळेत गणिताच्या गुरुजींनी शिकवलं होतं. समीकरणात क्षच्या आधी पाच लिहून ते म्हणाले होते, “क्ष एक पाऊल सरकला तर उत्तर पाच पावलं सरकतं. पाच एवढंच सांगतो. क्ष किती, ते तुलाच शोधावं लागणार.” पुढे कॉलेजात भौतिकशास्त्र सोपं गेलं ते या एका वाक्यामुळे.

तिसऱ्या महिन्यात खाजणाकडेची, खाडीच्या खाऱ्या दलदलीलगतची तीनशे मीटरची रेघ मोजायला आली. सकाळी गारव्यात मोजली, दुपारी पुन्हा मोजली. टेपवरचे आकडे दोन्ही वेळा जवळजवळ सारखे आले. दुपारी थर्मामीटर शेहेचाळीस अंश दाखवत होता. त्याप्रमाणे भर घातली आणि दोन उत्तरांत सहा सेंटिमीटरचा फरक पडला.

ओव्हरसियरसाहेबांनी वही पाहिली. “दुरुस्तीच्या आधी जुळत होतं ना?”

“हो साहेब.”

“मग दुरुस्ती खोडा. पदवी घरी भिंतीवर टांगा आणि इथे मोजा.”

“पोलाद लांबलंच असणार, साहेब. सहगुणक चुकत नाही.”

“मग तुम्ही चुकताय. उद्या संध्याकाळपर्यंत जुळवून दाखवा, नाहीतर दुसरा माणूस बघतो.”

खोडणं सोपं होतं. पण शेहेचाळीस अंशांत पोलाद लांबलं नाही, असं माझ्या सहीनं लिहायला मी तयार नव्हतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तीच रेघ पुन्हा धरली. एरवी मी एका टोकाला, थर्मामीटर अडकवलेल्या खुंटीपाशी उभा राहून आकडे लिहीत असे. टेप सांभाळायचे ते सातपाटीचे एक म्हातारे काका. जन्म होडीवर गेलेला; गुडघे गेल्यावर मोजणीत लागलेले. त्या दिवशी मी टेपच्या बरोबरीनं चालत राहिलो. टेप ताणली की काका मडक्यातलं गोडं पाणी गोणपाटाच्या फडक्यावर ओतत आणि टेप या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसून काढत. मग आकडा वाचला जाई.

“काका, हे रोज करता?”

“रोज. खाजणातला खार बसतो तिच्यावर. आमी होडीवरचं लोखंड असंच पुसतो गोड्या पाण्यानं. नायतर मीठ खाऊन टाकील.”

“मला कधी बोलला नाहीत.”

“तू कवा इकडं आलास? तू त्या काचेच्या नळीजवळ उभा. आमाला वाटलं, तिला राखण लागते.”

टेपचं दुसरं टोक धरणारा गडी हसला. मीही हसलो, पण कानशिलं तापली होती. ओली टेप वाऱ्यानं गार होत होती आणि मी तिला तापलेल्या खुंटीचं तापमान लावत होतो. सहगुणक बरोबर होता. त्याला गुणायला दिलेले अंश भलतेच होते.

थर्मामीटर आणला, टेपला टेकवला, वर तेच ओलं फडकं धरलं. पारा उतरत अठ्ठाविसावर थांबला. तीनशे मीटरची रेघ काकांच्या पद्धतीनंच, पण दर वेळी थर्मामीटर टेपला लावून मोजली. आदल्या दिवशीच्या सकाळच्या आणि या दुपारच्या उत्तरांत फरक उरला दोन मिलिमीटरचा.

संध्याकाळी वही साहेबांपुढे ठेवली. कालची दुरुस्ती खोडली नव्हती; तिच्याखाली नवी लिहिली होती, कारणासकट.

“म्हणजे म्हाताऱ्यानं घोळ केला,” साहेब म्हणाले.

“नाही साहेब. टेप गंजली नाही ती त्यांच्यामुळे. थर्मामीटर मी चुकीच्या जागी लावला होता.”

त्यांनी दोन्ही बेरजा स्वतः करून पाहिल्या. बराच वेळ लागला. मग सही केली आणि वही परत देताना म्हणाले, “सोमवारी नदीकडची रेघ घ्या. आणि त्या खुंटीला सोडा आता.”

काका बाहेर फडकं पिळत उभे होते. “मग काय, पुसू का नको?”

“पुसा, काका. फक्त पुसून झालं की मला हाक मारा.”

“मारीन,” ते म्हणाले, “पण चालत ये. पळत आलास तर घाम टेपवर पडंल, आन तोबी खाराच हाय.”