डावी कड

भरतीची तयारी करून घेणाऱ्या आमच्या सरांवरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

पोलिसात जायचं म्हणून मी दोन वर्षं रोज सकाळी बिद्रीच्या रस्त्यावर पळाले. सर मागून मोटारसायकलवर. उसाचे ट्रॅक्टर सुरू असायचे, त्यामुळे त्यांचा नियम एकच: जाताना-येताना डावी कड सोडायची नाही. रस्ता मध्ये उंच, कडेला उतरता. म्हणजे डावा पाय कायम उजव्यापेक्षा खाली पडायचा. तेव्हा हे कुठं कळत होतं?

डाव्या गुडघ्याची बाहेरची बाजू दुखायला लागली. कोल्हापुरातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी गुडघ्याआधी माझे बूट बघितले. टेबलावर ठेवला तर डावा बूट एका अंगाला कलला. त्या म्हणाल्या, "उतारावर पळतेस तू. मांडीच्या बाहेरून येणारा पट्टा प्रत्येक पावलाला गुडघ्याच्या हाडावर घासतोय. थोडे दिवस थांब, मग सपाट मैदानावर पळ."

मी सरांना सांगितलं, मैदानावर पळते. ते सगळ्या पोरींसमोर हसले. "बूट वाकडा झाला म्हणून रस्ता बदलायचा व्हय? नाटकं करू नको. आणखी दोन किलोमीटर पळ."

मी मुकाट्यानं पळाले. त्यासाठी माझा स्वतःवरही तितकाच राग आहे.

भरतीच्या दिवशी आठशे मीटरच्या दुसऱ्या फेरीत गुडघा वाकेना. शेवटचं वळण लंगडत पार केलं. निवड झाली नाही, आणि पुढच्या भरतीपर्यंत माझं वय निघून गेलं. आता कागलच्या एका कारखान्यात दिवसभर उभी राहून पार्ट तपासते. सरांच्या फ्लेक्सवर निवड झालेल्यांचे फोटो झळकतात. गुडघे गेलेल्यांचा फ्लेक्स कोण लावणार?

गेल्या महिन्यात एका लग्नात सर दिसले. कार्यालयाच्या पायऱ्या चढत होते. प्रत्येक पायरीवर आधी उजवा पाय, मग डावा ओढून शेजारी. मी जवळ जाऊन उभी राहिले.

"गुडघा?"

"बिद्रीच्या रस्त्यावर गेला की. मी भरतीला पळत हुतो तवा."

"कुठल्या कडंनं?"

"डाव्या."

"आणि आम्हाला बी तिथनंच पळवलंसा?"

"मग? मी पळालोच की तिथनं."

त्यांनी आधारासाठी माझ्याकडे हात पुढे केला. मी उजवा पाय वरच्या पायरीवर ठेवला, डावा ओढून घेतला आणि वर निघून गेले.