त्याच्या नावाची जर्सी

त्यानं हात पुसला. पँटवर. एकदा पुसून भागलं नाही म्हणून परत पुसला.

दुबईतलं मैदान. वर दिवे, खाली प्लास्टिकचं हिरवं गवत, भोवती जाळी. अमेरिकन फुटबॉलची प्रॅक्टिस. या फुटबॉलला पाय फारसा लावत नाहीत, बॉल काखेत मारून पळतात आणि पळणाऱ्याला दुसरे आडवे करतात. हेल्मेट घातलेले अमेरिकन, लेबनानी, फिलिपिनो, साऊथ आफ्रिकेचे गोरे, आणि आपल्याकडचे चार ऑफिसवाले. मी खेळाडू नव्हतो, कंपनीनं धाडलेला कामगार होतो. मी पाणी, बर्फ आणि गाद्या उचलायचो. गाद्या म्हणजे ढालीएवढ्या जाड उशा. छातीशी धरून उभं राहायचं आणि एकेकानं पळत येऊन धडक मारायची. त्या दिवशी एक गडी कमी होता. कोच अमेरिकन, मान खांद्यात बसलेली. माझ्याकडं बोट करून म्हणाला, "यू. गेट इन."

गेलो आत. शेजारी निखिल साहेब. आमच्या कंपनीचा ऑपरेशन्स मॅनेजर, पुण्याचा. तेव्हा मी त्याला अहो-जाहो करायचो. तोंडावर अजूनही करतो, पण सांगताना तरी कशाला करू. बॉल सुटणार एवढ्यात मी सवयीनं डावा हात लांब केला आणि त्याचा हात धरला.

कबड्डीत असंच धरतात. चढाई करणारा आत आला की बचाव करणारे हातात हात घालून साखळी करतात आणि त्याला घेरतात. माझ्या अंगात तेच मुरलेलं. डोक्याला विचारलंच नव्हतं.

सगळे खो खो हसले. लेबनानी ओरडला, "हबीबी, किस हिम ऑल्सो." हसू दे की. चूक हसण्यासारखीच होती. पण निखिल हसला नाही. त्यानं हात झटकला, पुसला, परत पुसला, आणि मराठीत, फक्त मला कळेल असं बोलला, "लायकीत राहा."

ते हात पुसणं मी ओळखत होतो. लहानपणापासून ओळखत होतो.

आमच्या गावाकडं, सांगली जिल्ह्यात, मी डावा कोपरा खेळायचो. संघात आमच्या वस्तीतला मी एकटा. पकड चांगली म्हणून घेतलेला. पण साखळी करायची वेळ आली की माझ्या शेजारचा पोरगा मला हात द्यायचा नाही. साखळी त्याच्यापाशी संपायची. मग मोकळी जागा. मग कोपऱ्यात मी. "तू एकटाच लय भारी खेळतोस," म्हणायचा. आणि मला ते कौतुक वाटायचं. खरंच वाटायचं, काय सांगू. एकट्यानं घोटा धरायचा, समोरचा फरफटत न्यायचा, मी सोडायचो नाही. त्यातच डाव्या हाताची करंगळी मोडली. वाकडीच बसली. एकदा जिंकल्यावर नाचता नाचता त्याच्या हातात माझा हात आला, तर त्यानं असाच पुसला. शर्टाला. नाचता नाचता. त्या दिवशी मला कोपरा म्हणजे काय ते कळलं.

निखिलला मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा तो मला तुम्ही म्हणाला होता. "अरे वा, मराठी का? कुठले तुम्ही?" गाव सांगितलं. "आडनाव?" तेही सांगितलं. "अच्छा," म्हणाला. त्या अच्छानंतरच्या वाक्यात मी तू झालो होतो.

आता कुणी म्हणेल, मग त्याचा हात धरायची अवदसा तुला आठवली कशी. तर ती सवय मला शारजानं लावली. तिथल्या इंडस्ट्रियल एरियात आमचं वेअरहाऊस आहे. मागं वाळूचा मोकळा तुकडा. सुट्टीला आम्ही तिथं कबड्डी खेळतो. पहिल्या दिवशी मी आपला गपगुमान कोपऱ्यात जाऊन एकटा उभा राहिलो. आमचा फोर्कलिफ्टवाला इक्बालभाई, दापोलीकडचा, वैतागला. "अरे, हात दे ना. साखळी करायची का नाय?" दाढीमिशा आलेला गडी मी, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणी साखळीसाठी माझा हात मागत होतं. दिला. त्यानं असा घट्ट धरला की चढाईवाला राहिला बाजूला, माझेच डोळे भरून आले. वाळू गेली म्हणालो.

तर त्या संध्याकाळी. हसणं संपलं, परत सगळे उभे राहिले. बॉल सुटला. समोरचा बॉल घेऊन रांग फोडून आला, बैलासारखा. मी खाली वाकलो आणि त्याचा घोटा धरला. एकट्यानं. तो तोंडावर आपटला. कोणी हसलं नाही. कोच म्हणाला, "अगेन." परत आपटला. "अगेन."

त्यानंतर कोच मला रोज आत घ्यायला लागला. जागेचं नाव लाईनबॅकर. पुढं जाडजूड गड्यांची रांग असते, तिच्या मागं हा उभा. रांग फोडून जो येईल तो याचा. आला की आडवा. ती जागा निखिलची होती. चाळिशीला आलेला, पोट सुटलेलं, पण टीमला पैसा आमच्या कंपनीचा, मग त्याला हलवणार कोण. मला मात्र ती जागा हवी होती. एवढं काही मला आयुष्यात हवं झालं नव्हतं. गादी धरणारा म्हणून नको, बदली म्हणून नको. सामना सुरू करणाऱ्या गड्यांना स्टार्टर म्हणतात. सुरुवातीला त्यांचं एकेकाचं नाव पुकारतात, आणि तो गेटमधून एकटा पळत मैदानात येतो. तसं माझं नाव पुकारलेलं मला ऐकायचं होतं. बास.

हंगामाच्या सुरुवातीलाच निखिलचा गुडघा गेला. वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. त्यानं मला त्याच्या गाडीपाशी बोलावलं. तो आत एसीत, काच खाली करून. मी बाहेर उभा.

"स्टार्टर व्हायचंय ना तुला?"

"हो साहेब."

"हे बघ, तुझं रजिस्ट्रेशन होणार नाही. कंपनीनं परमिशन द्यायला पाहिजे आणि लेबरला आम्ही देत नाही. पण माझं झालेलं आहे. माझी जर्सी घाल. हेल्मेटमध्ये कोण बघतंय?"

त्यानं माझ्या हाताकडं बघितलं.

"आतून फुल बाह्यांचं घाल. काळं. रंग दिसायला नको."

कोचला सगळं माहीत होतं. नजर चुकवून म्हणाला, "आय सी नंबर्स, मॅन. नॉट फेसेस." त्याचाही पगार शेवटी आमच्याच कंपनीतून यायचा.

मी हो म्हणालो. का, ते सांगतो. माझा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. विझा कंपनीचा. झोपायची खोली कंपनीची. मैदानावर नेणारी गाडीसुद्धा कंपनीची. निखिलची मर्जी फिरली तर मला विमानात बसवायला एक सही पुरते. आणि दुसरं, मला खेळायचं होतं. तोंडाला पानं पुसली जातायत हे कळत होतं आणि तरी मी तोंड पुढं केलं.

असा मी स्टार्टर झालो. लाऊडस्पीकरवर त्याचं नाव पुकारलं जायचं आणि मी गेटमधून पळत यायचो. मी गडी पाडला की त्याचं नाव. लोक उठून त्याचं नाव ओरडायचे. तो टोपी घालून पार्किंगमध्ये, गाडीतून बघायचा. सामना संपला की मी गाडीपाशी जाऊन जर्सी काढून द्यायचो. घामानं भिजलेली. ती तो हातात घ्यायचा नाही, प्लास्टिकच्या पिशवीत टाकायला लावायचा. पिशवी दोन बोटांनी धरायची. माझ्या घामावर नाव याचं आणि घामाची किळस पण यालाच. डोकं सटकायचं माझं. पण हेल्मेटमध्ये श्वास कोंडतो तसं सगळं आतल्या आत.

एकदा माल पोचवायला दुबईच्या ऑफिसला गेलो. रिसेप्शनच्या भिंतीवर भला मोठा फोटो. हेल्मेटवाला गडी जमिनीला समांतर, दोन्ही हातांत समोरच्याचा घोटा. खाली निखिलचं नाव. मी जवळ गेलो. डाव्या हाताची करंगळी वाकडी.

माझी करंगळी.

मागून निखिल आला. दोन सुटाबुटातले पाहुणे बरोबर. त्यातला एक फोटो बघून म्हणाला, "व्हॉट अ ग्रिप, यार." निखिल म्हणाला, "प्रॅक्टिस." मग मला म्हणाला, "काय बघत बसलास? पाण्याचे बॉक्स वर चढव."

चढवले.

त्याच आठवड्यात मी आईला मोबाईलवर सामन्याचा तुकडा पाठवला. मूर्खपणाच. पण वाटलं, आईनं बघावं. फोन आला.

"ह्यात तू कुठला रं?"

"तो पाडतोय ना, तो मी."

"मग नाव दुसऱ्याचं का घेत्यात?"

मी सांगत बसलो, इथं असंच असतं, रजिस्ट्रेशन, परमिशन, फॉर्म. आई ऐकत होती. माझी आई लोकांच्या रानात राबली, तिला लोक फलाण्याची बायको म्हणूनच हाक मारायचे, तिचं नाव गावात कुणाला धड माहीत नव्हतं. ते पुकारलेलं आडनाव तिनं बरोबर ओळखलं. मग म्हणाली, "तिथंबी का रं?"

एवढंच. फोन ठेवला.

समुद्र ओलांडून आलो होतो मी. आणि उभा होतो त्याच कोपऱ्यात. फरक एवढाच, गावात हात देत नव्हते, इथं हात कापून नेले होते आणि भिंतीवर टांगले होते.

पुढचा सामना सेमीफायनल. स्टँड भरलेलं. निखिलचा गुडघा बरा होत आला होता, त्या दिवशी तो गेटपाशीच उभा होता, गळ्यात कोचसारखं कार्ड. नावं पुकारायला सुरुवात झाली. एकेक जण पळत गेला. त्याचं नाव आलं.

मी हललो नाही.

परत पुकारलं. स्टँडमध्ये चुळबुळ. कोच म्हणाला, "गो, मॅन. यल्ला."

मी हेल्मेट काढलं. थंड हवा लागली तोंडाला. म्हणालो, "माय नेम. देन आय गो." माझं इंग्रजी तेवढंच, पण पुरलं. कोच खाली बघायला लागला. निखिल लंगडत पुढं आला. "नाटकं करू नकोस. उद्या विझा कॅन्सल करीन. खलास करीन तुला."

मी जर्सी काढली. आतलं काळं फुल बाह्यांचंही काढलं. उघडा उभा राहिलो, सगळ्यांसमोर, माझ्या रंगासकट. मग त्याचा हात धरला. मनगटापाशी. त्यानं झटकला. सुटला नाही. परत झटकला. कबड्डीची पकड आहे ती, मोठमोठे गडी तिच्यातून सुटले नाहीत, हा ऑफिसातला काय सुटतोय. दुखावलं नाही मी त्याला. नुसता धरला. आणि सरावाच्या घामानं ओली झालेली ती जर्सी, पिशवीबिशवी काही नाही, त्याच्या उघड्या तळहातावर ठेवली.

"हे तुमचं नाव," म्हणालो. "पळा."

आणि निघून आलो. कंपनीच्या गाडीत मला घेतलं नाही. बसनं शारजाला आलो. टीम हरली का जिंकली, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मला आतल्या कामावरून काढून बाहेर कंटेनर उतरवायला लावलं. कोचचा निरोप आला, गादी धरायला ये, वातावरण निवळलं की बघू. मी गेलो नाही. दुसऱ्या एका टीमनं विचारलं, नावानिशी घेऊ म्हणाले, पण कंपनीनं सोडलं तर. कंपनी सोडत नाही. हाकलतही नाही. हाकलल्यावर मी तोंड उघडीन याची भीती असेल, नाहीतर नुसतं सडवायचं असेल. म्हणजे जायलाही रस्ता नाही आणि राहायलाही जागा नाही. फार घुसमट होते. रडूही येतं कधी कधी. इक्बालभाई मला म्हणाला, "पासपोर्ट ठेवून घेणं हिथल्या कायद्यात बसत नाय. माग ना तुझा. मी येतंय लेबर ऑफिसात तुझ्यासंगती."

म्हणून आज सुट्टी टाकून दुबईच्या ऑफिसात आलो. तो फोटो अजून भिंतीवर आहे. त्याच्या खालीच उभा राहिलो. निखिल केबिनमधून बाहेर आला.

"पासपोर्ट द्या," म्हणालो.

"कशाला?"

"माझं नाव आहे त्यावर."

तो हसला. "आणि घेऊन जाशील कुठं? कोण ठेवून घेणार आहे तुला?"

तो केबिनमध्ये गेला, दार लावलं. रिसेप्शनची मुलगी मान खाली घालून बसली. बसायला मला कोणी सांगितलं नाही.

मीही बसणार नाही. उद्या इक्बालभाईबरोबर लेबर ऑफिसात जाणार, तिथनं परत इथं येणार, आणि पासपोर्ट हातात पडेपर्यंत याच फोटोखाली उभा राहणार. येणारे-जाणारे बघतायत माझ्याकडं. बघू देत. कुणी विचारलं कोण तू, तर आधी करंगळी दाखवणार, आणि मग नाव सांगणार. आडनावासकट.