अॅल्युमिनियम लाल होत नाही

बी.एस्सी. होऊन मी वरोरला परत आलो, तेव्हा माझ्या पदवीचं काय करायचं हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. वडील होडीवर जात. आई सुकी मासळी घेऊन डहाणूच्या बाजारात बसे. आमच्या घरात माझ्याआधी चौथीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. मी कॉलेजात जाऊ शकलो तो चिकूच्या वाडीवाल्या एका शेठमुळे. आई त्यांच्या घरी बोंबील द्यायची. माझा मॅट्रिकचा निकाल तिने त्यांच्या ओट्यावर सांगितला आणि शेठनी मुंबईत आपल्या बहिणीकडे माझी चार वर्षं राहण्या-जेवण्याची सोय केली. हे आधीच सांगतो, कारण पुढे मी जो मूर्खपणा केला तो या उपकाराच्या ओझ्याखालीच केला.

शेठना मोटारींचं वेड होतं. मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून त्यांनी दोन माणसांची, टप नसलेली स्पोर्ट्स कार घेतली होती. गाडी धावायची झकास, पण तिचं तोंड उभं आणि सपाट होतं. वाऱ्यासमोर कपाट ढकलत न्यावं तसं वाटे. पुढच्या जानेवारीत मुंबईजवळच्या एका जुन्या धावपट्टीवर शर्यत होती. शेठना तिच्यासाठी पत्र्याचं निमुळतं नाक हवं होतं, वारा कापणारं.

“तू फिजिक्स शिकला ने? मग कर,” ते म्हणाले. “चांगला झाला तर मुंबईला गाडीच्या बॉड्या बनवते तिथे तुला घेऊन जाईन. मालक माझा दोस्त हाय. माझा शब्द तो टाळणार नाय.”

दोन ठिकाणचे नकार माझ्या खिशात होते. आई रोज विचारायची, “पत्र आलं का रे?” मला ती नोकरी हवी होती. इतकी हवी होती, की पत्र्याचं काम मी आयुष्यात केलेलं नाही हे सांगायचं राहून गेलं.

आधी लाकडी साचा करायचा, मग त्यावर बसेल असा अॅल्युमिनियमचा पत्रा ठोकून घडवायचा, असं मी ठरवलं. साच्यासाठी माझा मामा होता. वरोरच्या निम्म्या होड्या त्याच्या हातच्या. मी खाकी कागदावर मोजमापांसह नाकाचा आराखडा काढून नेला. त्याने तो उलटा धरून पाहिला.

“भाच्या, हा पाण्यात सोड. किती वेळ तरंगतो ते सांग.”

“मामा, मापं बघ ना त्यातली.”

“मापं डोळ्यात असतात. कागदावर शिंप्याची असतात.”

त्याने लाकडाला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि नारळी पौर्णिमेनंतर, होड्या दर्यात गेल्यावरच्या मोकळ्या दिवसांत काम सुरू केलं. पहिला साचा त्याने होडीच्या नाळेसारखा, म्हणजे तिच्या पुढच्या टोकासारखा, धारदार केला. वाऱ्याला अशी धार लागत नाही, पुढून गोल हवं, हे पटवण्यात माझे आठ दिवस गेले. “धार नाही तर फाडणार कशाने?” हा त्याचा एकच प्रश्न. दुसरा साचा चांगला झाला, पण मी सुतळी लावून मोजलं तर डावीकडे बोटभर फुगवटा जास्त. तसं म्हटल्यावर तो रंधा खाली ठेवून घरी गेला आणि तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी येऊन त्याने ते बोटभर लाकूड उतरवलं, पण माझ्याशी बोलला नाही. आईशी मात्र बोलला: “तुझा पोरगा शिकला खरा, पण माझ्यावर सुतळी धरतो.”

पत्रा ठोकायला डहाणूच्या बाजारातले एक तांबटकाका तयार झाले. हंडे, बंब, घंगाळी यांत त्यांची चाळीस वर्षं गेली होती. अॅल्युमिनियमला ते धातू मानायला तयार नव्हते. “हे भिकाऱ्याचं तांबं,” म्हणायचे. पण शेठचं काम, आणि मोटारीचं. त्यांनाही थोडी हौस होती. शेठनी खटपट करून मुंबईहून चार पत्रे आणले होते. पाचवा मिळणार नाही, हे त्यांनी मला दोनदा बजावलं होतं.

रेतीने भरलेल्या चामडी पिशवीवर पत्रा ठेवून काका लाकडी हातोड्याने ठोकू लागले. पंधरा दिवसांत नाकाचा वरचा भाग इतका सुरेख उतरला की बाजारातले लोक पाहायला थांबत. पण ठोकून ठोकून पत्रा ताठर झाला आणि काठाला केसासारखी चीर दिसली. ठोकलेला धातू असा ताठरतो. तो तापवून पुन्हा मऊ करावा लागतो. तांब्याच्या बाबतीत काका ते रोज करत. भट्टीत लाल होईपर्यंत तापवायचं आणि पाण्यात बुडवायचं. तो लाल रंग नीट दिसावा म्हणून भर दुपारी दाराला गोणपाट लावून दुकानात अंधार करायचा, ही त्यांची रीत.

त्या दुपारी त्यांनी गोणपाट लावलं. मी भात्याजवळ बसलो होतो. परीक्षेला पाठ केलेला आकडा मला आठवत होता.

“काका, हे सहाशे साठ डिग्रीला वितळतं.”

“आणि तांबं?”

“हजाराच्या वर.”

“बरं. मग हे लाल कितीला होतं?”

मला माहीत नव्हतं. पुस्तकात वितळण्याचा आकडा होता, रंगाबद्दल काही नव्हतं.

“लाल झालं की मी सांगतो तुला,” काका म्हणाले. “हाण भाता.”

मी भाता हाणला. पत्रा पांढराच राहिला. काका डोळे बारीक करून वाट पाहत होते. थांबा म्हणावं असं दोनदा ओठांवर आलं, पण चाळीस वर्षं भट्टीशी बसलेल्या माणसाला मी, कालचा पदवीधर, काय सांगणार? मी हाणत राहिलो. आणि एका क्षणी, जराही लाल न होता, तो नाकाचा भाग मधोमध खचला. ओला पापड काठीवर टाकावा तसा. मग त्यातून थेंब निखाऱ्यांत पडायला लागले. काकांनी सांडशीने ओढला तो अर्धाच हातात आला.

अॅल्युमिनियम लाल होतच नाही. अंधारातही डोळ्याला लाली दिसायच्या आत ते वितळून जातं. ज्या खुणेची काका वाट पाहत होते ती खूण कधी येणारच नव्हती, आणि ज्याच्याकडे आकडा होता त्याने तोंड मिटून भाता हाणला होता.

काकांनी गोणपाट काढलं. उजेडात ते एकदम म्हातारे दिसले.

“माझ्या हातून धातू कधी मेला नव्हता,” ते म्हणाले आणि दोन दिवस दुकान उघडलं नाही.

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीसांना पोस्टकार्ड लिहिलं. उत्तर यायला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत शेठ रोज वाडीतून विचारणा करत आणि मी रोज “काम चालू आहे” म्हणे. पोस्टकार्डावर तीन ओळी होत्या: पत्र्याला कपडे धुण्याचा साबण घासा. सावकाश तापवा. साबण काळा पडला की लगेच थांबा.

काकांनी तीनदा वाचून घेतलं. “म्हणजे पत्र्याला आंघोळ घालायची?”

घातली. साबण आधी पिवळा, मग तपकिरी, मग काळा झाला, आणि काकांनी पत्रा बाहेर काढला. गार झाल्यावर त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिला. तो कणकेसारखा दबला. ते हसले नाहीत, पण हातोडा उचलला. पुढचे दोन महिने दुकानात जळक्या साबणाचा वास होता. काकू आतून ओरडायच्या, “घरात माणसांचे सदरे मळके, आणि मोटारीचं नाक मात्र स्वच्छ!”

नाक तयार होत आलं तेव्हा शेठ एक परदेशी मासिक घेऊन आले. त्यातल्या शर्यतीच्या गाडीचं तोंड चिमुकलं होतं, माशाच्या ओठांसारखं.

“असा कर,” ते म्हणाले. “एवढा मोठा भोकसा नको. हवा आत जाते, गाडी धीमी होते.”

मी वहीत हिशोब केला होता. त्या तोंडामागे पाण्याची टाकी होती; वारा लागून तिच्यातलं पाणी गार राहणार, तरच इंजिन गार राहणार. त्यासाठी निदान दीड वीत उघडं तोंड हवं होतं, आणि आत आलेल्या हवेला मागून वाटही हवी होती. वही माझ्या हातात होती.

“शेठ, जरा मोठं ठेवलं तर...”

“डिकरा, फोटो बघ. हे विलायतचे लोक गाढव हाय काय?”

“नाही शेठ.”

“मग?”

चार वर्षं मी त्यांच्या बहिणीच्या घरी जेवलो होतो. मी वही मिटली.

शेठ गेल्यावर काकांनी विचारलं, “बरोबर आहे ना रे हे?” मी हो म्हटलं. काकांनी मग त्या चिमुकल्या तोंडाच्या कडेने तार घालून काठ वळवला, हंड्याला वळवतात तसा. त्यावरून बोट फिरवलं तर सांधा कळत नव्हता. इतका देखणा काठ मी त्याआधी पाहिला नव्हता.

डिसेंबरात आम्ही गाडी तलासरीच्या पुढे, मोठ्या सरळ रस्त्यावर चाचणीसाठी नेली. गाडीत शेठ आणि मी. काका सकाळच्या एस.टी.ने आधीच जाऊन उधव्याच्या फाट्यावर उभे राहिले होते, आपलं काम समोरून जाताना बघायला. धुतलेलं धोतर नेसून आले होते. खांद्याला हत्यारांची पिशवी होतीच. ती त्यांच्याशिवाय कुठे जात नसे.

पहिल्या धावेत वेगाचा काटा आधी कधी नव्हता इतका पुढे गेला. शेठ ओरडायला लागले. काका हात हलवत मागे पडले. दुसऱ्या धावेत फाट्याजवळच बॉनेटच्या फटींतून वाफ यायला लागली. मग पाणी उकळल्याचा आवाज. गाडी थांबली.

जवळच्या पाड्यावरची एक बाई डोक्यावर हंडा घेऊन चालली होती. शेठनी पाणी मागितलं. तिने हंडा उतरवला, वाफेकडे पाहिलं आणि म्हणाली, “इतकी चकचकीत, न् बैलापेक्षा तहान लागते हिला? तोंड बांधून पळवता का?”

अर्धा तास थांबून, इंजिन निवल्यावर शेठनी पाणी ओतलं. मग हात पुसत माझ्याकडे वळले.

“तुला माहीत होता?”

मी खाली पाहिलं.

“बोल ने. माहीत होता?”

“हो.”

“आणि बोलला का नाय?”

“तुम्ही मोठे आहात, शेठ. तुमचे उपकार...”

“उपकार!” ते इतक्या जोरात ओरडले की बाई रिकामा हंडा उचलून चार पावलं मागे सरली. “मान हलवणारे वाडीत वीस मानस हाय माझ्याकडे. त्यांना शिकवला नाय मी. तुला शिकवला.”

त्या क्षणी मला त्यांचा राग आला, हे खरं सांगतो. मी तोंड उघडलं होतं आणि त्यांनीच मासिक माझ्या नाकासमोर धरलं होतं. पण अर्ध्या वाक्यावर थांबलो होतो मी. उरलेलं अर्धं कोणी अडवलं नव्हतं.

मी काकांकडे पत्रा कापायची कात्री मागितली. त्यांनी पिशवीतून काढली, पण लगेच दिली नाही.

“किती कापणार?”

“दीड वीत. आणि मागे दोन्ही बाजूंना फटी, गरम हवा निघायला.”

“हे तुला त्या दिवशीच माहीत होतं? मी विचारलं तेव्हा?”

“हो काका.”

त्यांनी कात्री माझ्या हातात ठेवली. “काठ मी वळवलाय. मी नाही तोडणार. तू तोड.” आणि ते रस्त्याकडे पाठ करून बसले.

मी तोडला. आतली तार कात्रीला दाद देईना. छिन्नीने घाव घालावे लागले. प्रत्येक घावाला काकांची मान हलत होती. तोंड वाकडंतिकडं, दातेरी झालं. फटीची कड माझ्या तळहातात घुसली. तिसऱ्या आणि चौथ्या धावेत पाणी उकळलं नाही. काटा पहिल्या धावेपेक्षा जरा मागे राहिला, पण गाडीच्या मूळ सपाट तोंडापेक्षा पुढेच होता. परतताना काका एस.टी.नेच गेले. पुढे कितीतरी महिने त्यांच्या दुकानावरून जाताना मी दुसऱ्या बाजूने चालत असे.

जानेवारीत शेठ शर्यतीला गेले. मला नेलं नाही. गाडी मधल्याच कुठल्यातरी नंबरावर आली, पण शेवटपर्यंत धावली, एवढं त्यांच्या ड्रायव्हरकडून कळलं. आईने विचारलं, “शेठ तुला मुंबईला नेणार होते ना?” मी म्हटलं, कामात आहेत.

फेब्रुवारीत त्यांनी बोलावून एक बंद लिफाफा दिला. “एकटा जा. मी येणार नाय,” एवढंच म्हणाले. मुंबईच्या त्या कारखान्यात मालकांनी चिठ्ठी फोडली, वाचली, आणि सगळ्या कारागिरांसमोर मोठ्याने पुन्हा वाचली. गुजरातीत दोनच वाक्यं होती. मुलाला काम कळतं. पण त्याला प्रत्येक गोष्ट दोनदा विचारा, पहिल्यांदा तो खरं सांगत नाही.

कारागीर हसले. माझे कान तापले. ज्या माणसाला मी दुखवायचं टाळलं, त्याने मला वीस माणसांसमोर असं उघडं करावं! तो राग बरीच वर्षं टिकला. त्यांचे उपकार मी कधी विसरलो नाही, आणि ती चिठ्ठीही नाही.

मालकांनी मला एका बसच्या सांगाड्याकडे नेलं. दाराच्या चौकटीला नुकतेच रिव्हेट मारले होते.

“हा सांधा टिकेल?”

त्यांचे मुख्य मिस्त्री शेजारीच उभे होते. पांढऱ्या मिशांचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. सांधा त्यांनीच मारलेला दिसत होता.

“टिकेल, साहेब,” मी म्हटलं.

मालकांनी चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

“टिकेल?”

मिस्त्रींची नजर माझ्यावर होती.

“नाही,” मी म्हटलं. “रिव्हेट काठाच्या फार जवळ आहेत. हादऱ्याने पत्रा फाटेल.”

मिस्त्रींनी हातातला हातोडा फळीवर आपटला. मालकांनी मला सोमवारपासून यायला सांगितलं.